आईच्या माहेरचा दावा

दिवाणी दाव्यात उशीर झाला की दोन्ही बाजूंचं सारखंच नुकसान होतं, असं लोक धरून चालतात. ते खरं नाही. घर ज्याच्या ताब्यात आहे त्याचं तारीख पुढे गेल्याने काही बिघडत नाही. तो त्याच घरात राहतो, खालच्या दुकानाचं भाडं घेतो, दिवाळीला रंग देतो. ज्याचा हिस्सा अडकलाय त्याचं मात्र वय वाढत जातं. आमच्या आईच्या दाव्यात हे मी जवळून पाहिलं आणि शेवटी तिच्या जागी वादी म्हणून माझं नाव लागलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घर इंदूरमध्ये, पंढरीनाथ भागात. आजोबा होळकर सरकारात नोकरीला होते आणि त्यांनी स्वतःच्या कमाईतून हे दुमजली घर घेतलं होतं. 1968 मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं, आजी आधीच गेली होती. मागे दोघंच: आई आणि तिचा धाकटा भाऊ, आमचे अण्णामामा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. म्हणजे आजोबा गेले त्याच दिवशी अर्धं घर आईचं झालं होतं. हे कुणी तिला सांगितलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही.

विचारलं असतं तरी त्या वेळी फारसा उपयोग नव्हता. त्याच कायद्यात कलम 23 होतं. राहतं घर असेल आणि त्यात कुटुंबातली माणसं राहत असतील, तर मुलीला वाटणी मागता येत नसे. घरातल्या पुरुष वारसांनी स्वतः वाटण्या करायच्या ठरवल्या तरच तिला तिचा हिस्सा वेगळा करून मिळे. हक्क कागदावर आणि तो मागायची वेळ भावाच्या मर्जीवर, असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम गेलं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क मिळाला ही बातमी सगळीकडे गाजली, पण कलम 23 गेल्याची कुठे फारशी वाच्यता झाली नाही. आमच्यासारख्या घरांत खरा फरक त्यानेच पडला.

आईला हे सगळं कळलं ते 2013 मध्ये. मामांची मुलं घर विकायच्या विचारात होती, गिऱ्हाईक ठरलं होतं, आणि थोरला मामेभाऊ आईकडे सहीसाठी आला. रजिस्ट्रार कचेरीत येऊन हक्कसोड करून दे, म्हणाला. आई म्हणाली, अरे, पूर्वी एकदा केली होती ना मी सही? केली होती. 1985 मध्ये, भाऊबीजेला गेली असताना, मामांनी दुरुस्तीच्या कर्जासाठी म्हणून एका स्टँप पेपरवर तिची सही घेतली होती. त्यात लिहिलं होतं की घरावर माझा काही हक्क नाही. पण तो कागद नोंदवलेला नव्हता. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. घेणाऱ्याच्या वकिलाने तो कागद पाहून हेच सांगितलं असणार, नाहीतर मामेभाऊ पुन्हा सहीला आलाच नसता.

त्या रात्री आई बराच वेळ गप्प होती. सकाळी म्हणाली, मला माझा हिस्सा हवाय. कशाला हवाय, असं तिला अनेकांनी विचारलं, आमच्या नात्यातल्या बायकांनी तर जास्तच. माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, या वयात कोर्टाची पायरी कशाला, मुली तर सुखात आहेत. इंदूरच्या आमच्या मराठी समाजात शिकलेल्या, नोकऱ्या केलेल्या बायकाही माहेरच्या घरावर हक्क सांगायला कचरतात. मला विचाराल तर हा निव्वळ संस्काराचा भाग नाही. दावा लावला तर तो आपल्या हयातीत संपणार नाही, हे सगळ्यांना आतून माहीत असतं. मग नात्याला जपलं असं म्हणून सोडून दिलेलं बरं वाटतं. कोर्टं वेळेवर निकाल देत असती तर हक्कसोडीच्या निम्म्या सह्या झाल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

2014 च्या सुरुवातीला दावा लागला. इथल्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं, वादपत्रही हिंदीतच. वाटणी, हिश्शाचा वेगळा ताबा आणि तोपर्यंत घर विकू नये म्हणून मनाई, अशा मागण्या होत्या. मनाईचा अर्ज लवकर ऐकला गेला आणि दोन्ही बाजूंनी यथास्थिती, म्हणजे जैसे थे, ठेवावी असा आदेश झाला. तो आदेश नसता तर आमच्या हाती काही उरलं नसतं. तसा दावा चालू असताना कुणी मिळकत विकली तरी घेणारा दाव्याच्या निकालाला बांधलेला राहतो, पण मग आणखी एक माणूस, आणखी एक वकील आणि आणखी काही वर्षं वाढली असती.

मग समन्स. तलबाना, म्हणजे समन्स पाठवायची फी, भरायचा, पत्ता द्यायचा, तामील झाली का, म्हणजे ते प्रतिवादीच्या हाती पडलं का, पाहायचं. प्रतिवादी घरी नाही, कुलूप होतं, असे शेरे येत राहिले. तामील झाल्यावर जवाबदावा, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. कायदा म्हणतो तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत. पण सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलंय की ही मर्यादा अगदी काटेकोर धरायची नाही, योग्य कारण असेल तर कोर्ट वेळ वाढवून देऊ शकतं. आमच्याकडे थोडा खर्च लावून वेळ वाढवून दिली गेली. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असंही दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. ते लिहिलेलं आणि प्रत्यक्ष चालणारं यांत किती अंतर आहे, हे पेशीच्या दिवशी दाराबाहेर उभं राहिलं की दिसतं. एका दिवसाच्या यादीत इतकी प्रकरणं लागलेली असतात की त्यांतली बहुतेक नुसती पुढची तारीख घेण्यापुरतीच पुकारली जातात. देशभरात जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, त्यांतली एक कोटीहून जास्त दिवाणी आहेत. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असं विधी आयोगाने 1987 मध्येच सुचवलं होतं. आज त्याच्या निम्मेही नाहीत. समोर बसलेल्या न्यायाधीशांवर राग काढावा असं मला कधी वाटलं नाही. ते सकाळपासून मान वर न करता काम करत असायचे.

मामांच्या बाजूचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. एक, 1985 चा कागद ही हक्कसोड नसून आधीच तोंडी झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेची आठवण म्हणून केलेली नोंद आहे, आणि अशा नोंदीला रजिस्ट्री लागत नाही. हे पोकळ नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा काळे खटला याच मुद्द्यावर आहे आणि त्याचा दाखला त्यांच्या वकिलांनी दिला. दुसरं, इतकी वर्षं आमचा एकट्याचा ताबा, म्हणून घर आमचंच. याला उत्तर असं की सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरला जातो. नुसती वर्षं मोजून भागत नाही. तुझा हक्क मला मान्य नाही असं दुसऱ्याला उघडपणे सांगून त्याला बाहेर ठेवलं, हे सिद्ध करावं लागतं. इथे तर आई दर दिवाळीला त्या घरी जात होती.

घर आजोबांच्याच मालकीचं होतं हेही सिद्ध करावं लागलं, कारण जवाबदाव्यात तेसुद्धा नाकारलं होतं. खरेदीखत होतंच, पण ज्यांच्याकडून आजोबांनी घर घेतलं त्यांचा मोडीतला एक जुना कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. चार घड्या, घडीवर झिजून फाटलेला, कडेला तेलाचा डाग. इंदूरमध्ये मोडी वाचणारी माणसं आता शोधावी लागतात. एका वयस्कर गृहस्थांनी भिंग लावून, ओळीवर बोट ठेवून तो वाचला, देवनागरीत उतरवला, मग त्याचा हिंदी अनुवाद शपथपत्रासह दाखल झाला. कागद तीस वर्षांहून जुना असेल आणि जिथे असायला हवा तिथूनच आला असेल, तर त्यावरची सही-अक्षर खरं आहे असं कोर्ट धरू शकतं. आजोबांची पेटी आईकडे आली होती, मामांकडे नाही, ही गोष्ट इथे उपयोगी पडली.

2017 मध्ये मामा गेले. आई तेराव्याला गेली. कुणी तिला काही बोललं नाही, मामींनी पान वाढलं. तिथून आल्यावर तिने वकीलसाहेबांना फोन करून मामांच्या वारसांची नावं सांगितली: मामी, दोन मुलगे, एक मुलगी. कारण प्रतिवादी वारला की नव्वद दिवसांच्या आत त्याच्या वारसांना दाव्यात आणावं लागतं, नाहीतर त्याच्यापुरता दावा रद्द होतो. भावाचं तेरावं होतं न होतं तोच तिला हे करावं लागलं. कायद्याला यापेक्षा वेगळं काही करता येण्यासारखं नाही, मला समजतं, पण त्या फोनच्या वेळचा तिचा आवाज मला अजून सहन होत नाही.

मामेबहीण लग्न होऊन देवासला होती. तिला समन्स गेलं. लग्नानंतर त्या घराच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव आलं नव्हतं. आता प्रतिवादी म्हणून आलं. याचं पुढे काय होईल ते तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

आता साक्ष. वकीलसाहेबांना एकाच गोष्टीची घाई होती: आईची उलटतपासणी उरकायला हवी. मुख्य जबानी शपथपत्रावर देता येते, पण समोरच्याला उलटतपासणीची संधी मिळण्याआधी साक्षीदार गेला तर त्या शपथपत्राचं वजन जवळजवळ संपतं. आई तेव्हा 79 ची होती. वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीचा अर्ज केला. कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी बोलावून जबानी घेता येते, तीही सोय होती. आई म्हणाली, मी काही अंथरुणाला खिळलेली नाही, मी जाईन.

2019 च्या उन्हाळ्यात ती साक्षीच्या कठड्याला धरून उभी राहिली. न्यायाधीशांनी लगेच खुर्ची द्यायला सांगितली. विरुद्ध बाजूच्या वकिलांचा प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातला: यह कहना सही है कि आपने 1985 में अपनी मर्ज़ी से हस्ताक्षर किए थे? आई म्हणाली, सही माझी आहे. मग न्यायाधीश टंकलेखकाला हिंदीत सांगत: यह कहना सही है कि हस्ताक्षर मेरे हैं। आई मध्येच थांबवून म्हणाली, साहेब, पुढचंही लिहा. मला वाचून दाखवला नव्हता. भाऊबीजेचं ताट हातात होतं. न्यायाधीशांनी विचारलं, क्या बोल रही हैं माताजी? तिने हिंदीत पुन्हा सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. शेवटी जबानी वाचून दाखवली आणि आईने प्रत्येक पानावर सही केली, अगदी सावकाश, पूर्ण नाव, काना-मात्रेसह. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, आता बरं वाटतंय. कुणी तरी ऐकून लिहून ठेवलं.

त्या घरात, त्या सगळ्या वर्षांत, कुणी तिचं म्हणणं विचारून कागदावर उतरवलं नव्हतं. दिवाणी कोर्टाची ताकद मला इथे दिसली. समोरच्याला प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क, आणि तिच्या उत्तरालाही तितकीच जागा. लोक कोर्टाला नुसती शिव्यांची लाखोली वाहतात तेव्हा मला हा दिवस आठवतो.

मार्च 2020 मध्ये कोर्टाचं नेहमीचं कामकाज थांबलं. फक्त तातडीची कामं होत, तीही बरीचशी पडद्यावर. फोनमधल्या ई-कोर्ट्स अ‍ॅपवर प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसे, मग तीही पुढे सरके. डिसेंबरात आई गेली. आता वारसांना आणायची पाळी आमची. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला होता, त्यामुळे घाई नव्हती, तरी मी आणि बहिणीने लगेच अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, आधार, वकालतनामा. वादीच्या रकान्यात आईच्या नावापुढे मृत लिहून खाली आमची दोघींची नावं आली.

2023 ची सुरुवात अंतिम युक्तिवादात गेली. तेव्हा मध्य प्रदेश हायकोर्टाने प्रत्येक न्यायालयाला सर्वांत जुनी 25 प्रकरणं ठरावीक मुदतीत निकाली काढायला सांगितलं होतं, आणि त्याला विरोध म्हणून मार्चमध्ये राज्यभर वकिलांनी काम बंद ठेवलं. घाईत पुरावा नीट मांडता येत नाही हे वकिलांचं म्हणणं मला पटतं. पण जुनं प्रकरण म्हणजे काय, हे ज्याचा वादी मध्येच गेलाय त्याला विचारावं.

त्याच वर्षी प्राथमिक डिक्री झाली. 1985 चा कागद हक्कसोडच आहे आणि नोंदणी नसल्याने तो हक्क सोडल्याचा पुरावा होऊ शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आईच्या वारसांचा हिस्सा अर्धा. पेढे वाटावेत असं वाटलं, पण प्राथमिक डिक्री म्हणजे हिस्सा किती ते ठरलं, एवढंच. तो घराच्या कुठल्या भागात, हे ठरवायला कमिशनर नेमतात. कमिशनर टेप घेऊन आले. जिना एकच, संडास एकीकडे, पाण्याची लाइन दुसरीकडे, दर्शनी भाग अरुंद. मधून भिंत घातली तर दोन्ही बाजू निरुपयोगी. अहवाल आला की वाटणी करता येण्यासारखी नाही.

अशा वेळी 1893 चा वाटणी कायदा कामी येतो, हे मला वकीलसाहेबांनी समजावलं. निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांनी मागितलं तर कोर्ट घर विकून पैसे वाटायला सांगू शकतं. पण मग दुसऱ्या हिस्सेदाराला तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. आमचा बरोबर निम्मा होता. मामेभावांनी तोपर्यंत अपील केलं होतं. अपिलाच्या न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थीची खोली लहान, गोल टेबल, पाण्याचा जग. मध्यस्थ आधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलले. मामेभावांना घर सोडायचं नव्हतं, आम्हाला घर नको होतं, आईचा हिस्सा मान्य व्हायला हवा होता. आकडाही हळूहळू जवळ आला. मसुदा तयार झाला: आमच्या अर्ध्या हिश्शाची रक्कम दोघे भाऊ देतील, घर दोघा भावांच्या नावे राहील. सगळ्या पक्षकारांच्या सह्या हव्या. मामेबहीण देवासहून आली होती, कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिच्यापुढे कागद आला तेव्हा ती म्हणाली, दादा, यात माझं काय?

खोलीत सगळेच तिच्याकडे बघायला लागले. मामांच्या अर्ध्या हिश्शात मामी आणि तीन मुलं, चौघं सारखे वारस. म्हणजे घराचा आठवा भाग तिचा. तिच्या भावांनीच जवाबदाव्यात तिलाही आपल्या बाजूला धरलं होतं, तिचं वेगळं म्हणणं कधी मांडलंच नव्हतं. थोरला म्हणाला, ताई, तू कशाला आता? मध्यस्थ शांतपणे म्हणाले, त्यांच्या सहीशिवाय समझोता होणार नाही, आणि सही करायची की नाही हे त्या ठरवतील. मामी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, तिच्या आत्याने मागितलं म्हणून तर हे इथपर्यंत आलं, आता हिचं मागं ठेवू नका.

मसुदा पुन्हा लिहिला गेला. नंतर तो लोक अदालतीत ठेवला, तिथे निवाडा झाला. लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी डिक्रीचंच बळ असतं, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही मला तिथेच कळलं. 1987 च्या कायद्यातच ते आहे. मामेबहिणीने त्याच दिवशी तसा अर्ज दिला, कारण तिच्या सासऱ्यांच्या घराच्या नामांतरणाचंही काही अडलं होतं.

निवाड्याची नक्कल माझ्याकडे आहे. पहिली कलमं आमच्या दोघींच्या रकमेची. पाचव्या कलमात मामेबहिणीचा आठवा हिस्सा, त्याची किंमत आणि दोन हप्ते लिहिलेत, हप्ता चुकला तर व्याजासह वसुली करता येईल हेही. आमची रक्कम मिळाली. तिचा पहिला हप्ता आलाय, दुसऱ्याची मुदत दिवाळीनंतरची आहे. तो आला नाही तर निवाड्याची अंमलबजावणी मागायचा अर्ज कसा करायचा, ते तिने वकिलांना आत्ताच विचारून ठेवलंय.